वेलनेस कार्यक्रमातील वैयक्तिक यश: सहकाऱ्यांनी ते सांगावे यासाठी काय करावे आणि काय टाळावे?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर विभागात काम करते. आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी वेलनेस कार्यक्रम सुरू होऊन आता बराच काळ झाला आहे. रक्तदाब आणि साखरेची तपासणी, तंबाखू व सिगारेट सोडण्यासाठी मदत, व्यायामाचे वर्ग, झोपेविषयी मार्गदर्शन आणि गोपनीय समुपदेशन असे त्याचे स्वरूप आहे. लोक येतात, लाभ घेतात, काहींच्या प्रकृतीत पडलेला फरक सहज लक्षातही येतो. परंतु त्याबद्दल चारचौघांत बोलायला मात्र कोणी पुढे येत नाही.

आता व्यवस्थापनाने माझ्यावर असे काम सोपवले आहे की अशा अनुभवांचे संकलन करून ते दर महिन्याच्या न्यूजलेटरमध्ये द्यावे, म्हणजे जे अजून कार्यक्रमाकडे फिरकलेले नाहीत त्यांनाही हुरूप येईल. हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. यापूर्वी 'आपली यशोगाथा कळवा' असे आवाहन सरसकट सर्वांना ईमेलने केले गेले होते. त्याला जी थोडी उत्तरे आली ती सगळी आधीपासून नियमित धावणाऱ्या आणि स्पर्धांत भाग घेणाऱ्या मंडळींची होती. ज्यांच्या आयुष्यात या कार्यक्रमामुळे खरोखर काही बदलले, ती माणसे गप्पच राहिली.

या माणसांना दडपण न आणता बोलते कसे करावे? आपण स्वतः असा अनुभव सांगितला असेल, किंवा सांगायला नकार दिला असेल, तर त्यामागची कारणे वाचायला मला मनापासून आवडेल.

पायवाट

धागा महत्त्वाचा आहे. माझी सिगारेट सुटली ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सहकाऱ्यामुळे, म्हणून मी या विषयावर अधिकाराने नाही तरी आपुलकीने लिहू शकतो. त्याने मला कधी उपदेश केला नाही. मी एकदा विचारले तेव्हा त्याने इतकेच सांगितले की सगळ्यांत अवघड वेळ म्हणजे मीटिंग संपल्यानंतरची दहा मिनिटे, कारण तेव्हा हात आपोआप खिशाकडे जातो. त्या दहा मिनिटांत तो रिकामी बाटली घेऊन जिन्याने खालच्या मजल्यावर जाई, पाणी भरे आणि पुन्हा जिन्यानेच वर येई. मधल्या काळात त्याची सिगारेट एकदा पुन्हा सुरू झाली होती आणि नंतर परत सुटली, हेही त्याने न लपवता सांगितले.

'मी सोडली, तुम्हीही सोडा' एवढेच तो म्हणाला असता तर मी मान डोलावून विसरून गेलो असतो. माझ्या उपयोगी पडली ती पाण्याची बाटली आणि सुटून पुन्हा लागलेली सिगारेट. म्हणून माझी सूचना अशी की यश विचारू नका. नेमके काय केले आणि कुठे अडले, ते विचारा.

निशिगंध

पायवाट यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत असूनही एक काळजी आधीच नोंदवून ठेवते. धागाकर्तीने दिलेल्या यादीत समुपदेशनही आहे. रक्तदाब कमी झाला हे सांगणे आणि मी अमुक काळ समुपदेशकाकडे जात होते हे सांगणे यांत फार मोठे अंतर आहे. दुसऱ्या बाबतीत बढतीच्या वेळी किंवा मोठी जबाबदारी देताना कोणाच्या तरी मनात शंका उभी राहते, आणि ती शंका कोणी बोलून दाखवत नाही म्हणूनच तिला उत्तरही देता येत नाही. कृपा करून समुपदेशनाचे अनुभव मागूच नका. शिवाय कोण समुपदेशनाला जाते हे एचआरला ठाऊक असणे हीच मुळात गोपनीयतेतील चूक आहे, त्यामुळे 'तुमचा अनुभव सांगाल का' असा प्रश्न विशिष्ट व्यक्तीला विचारण्याची वेळच येता कामा नये.

रानवारा

नकाराचे कारण विचारले आहे म्हणून लिहितो. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एका सहकाऱ्याने वजन बरेच कमी केले होते. त्याचे आधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो शेजारी शेजारी लावून मोठे पोस्टर तयार केले आणि ते लिफ्टच्या बाजूला, रोज सगळ्यांची नजर जाईल अशा जागी लावले. तोही आनंदात होता आणि त्याने परवानगी दिलेली होती.

पुढे घरातल्या आजारपणामुळे त्याचे वेळापत्रक कोलमडले आणि वजन हळूहळू परत वाढले. असे बहुतेकांचे होते, त्यात नवल काहीच नाही. पोस्टर मात्र तिथेच राहिले. लिफ्टची वाट पाहत उभे असलेले लोक आधी पोस्टरकडे आणि मग त्याच्याकडे पाहत. तो मागच्या दाराने ये-जा करू लागला. 'ते काढा' असे सांगणेही त्याला जड गेले, कारण तसे सांगणे म्हणजे पराभव जाहीर करणे आहे असे त्याला वाटत होते. शेवटी भिंतींना रंग देण्याचे काम निघाले तेव्हा ते उतरले. त्यानंतर मला दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी नम्रपणे नाही म्हटले.

काजवा

रानवारा, हे वाचून वाईट वाटले. आधी-नंतरचे फोटो कोणत्याही कंपनीने लावू नयेत, या मताला माझे अनुमोदन.

गणितप्रेमी

मला या चर्चेत एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो धागाकर्तीच्याच एका निरीक्षणाशी जोडलेला आहे. आवाहनाला उत्तर दिले ते आधीपासून धावणाऱ्यांनी. हा योगायोग नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाला वेलनेस कार्यक्रमाचे आमंत्रण मिळेल हे तिथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. आमंत्रण मिळालेल्यांपैकी जे सहभागी झाले ते, सहभागी न झालेल्यांच्या तुलनेत, मुळातच अधिक निरोगी आणि कमी वैद्यकीय खर्चाचे होते. आणि आमंत्रित गटाची आमंत्रण न मिळालेल्या गटाशी तुलना केली तेव्हा वैद्यकीय खर्चात किंवा कामाच्या उत्पादकतेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच वर्षी बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीतील १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. १८ महिन्यांनंतर कार्यक्रम असलेल्या ठिकाणचे अधिक लोक नियमित व्यायाम करतो आणि वजनाकडे लक्ष देतो असे सांगत होते, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि वैद्यकीय खर्च यांत दखल घ्यावी असा फरक नव्हता.

याचा अर्थ कार्यक्रम बंद करावेत असा नाही. पण न्यूजलेटरमध्ये छापलेल्या दहा चांगल्या कहाण्या म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाल्याचा पुरावा, असे चित्र व्यवस्थापनापुढे जाऊ नये. ज्यांना काही साधले नाही ते लिहीत नाहीत, आणि जे लिहितात त्यांतल्या काहींना ते कार्यक्रमाशिवायही साधले असते. कहाणीचे मोल एका माणसाने दुसऱ्याला दाखवलेल्या वाटेत आहे, आणि कार्यक्रमाचे मूल्यमापन वेगळ्या मार्गाने व्हायला हवे.

सरळमार्गी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. क्षमा असावी, पण मला वाटते की आपण एका साध्या आणि चांगल्या गोष्टीला नको इतके भिऊ लागलो आहोत. आनंद झाला की माणूस सांगतोच आणि ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. आमच्या विभागप्रमुखांनी एका बैठकीत स्वतःच्या मधुमेहाविषयी मोकळेपणाने सांगितले. तपासणीत साखर वाढलेली निघाली तेव्हा ते हादरले होते, काही महिने त्यांनी कोणालाही कळू दिले नाही, आणि मग दुपारच्या वेळी वीस मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली. त्यानंतर त्याच आठवड्यात आमच्यापैकी अनेकांनी तपासणीसाठी नावे दिली. वरच्या माणसाने पुढाकार घेतला की खालच्यांची भीड चेपते, हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे.

निशिगंध

सरळमार्गी, तुमच्या विभागप्रमुखांबद्दल मला आदर वाटतो, आणि त्यांनी 'मी काही महिने लपवले' हे सांगितले म्हणूनच ते बोलणे लोकांना भिडले असावे. पण त्याच बैठकीत त्यांनी पुढे 'आता तुमच्यापैकी कोण सांगणार?' असे विचारले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. ज्याच्या हातात आपले अप्रेझल आहे त्याने विचारलेला प्रश्न कितीही प्रेमाने विचारलेला असला तरी तो नुसता प्रश्न राहत नाही. वरिष्ठांनी स्वतःचे जरूर सांगावे, आणि तिथेच थांबावे.

सरळमार्गी

हा भेद मला मान्य आहे. त्यांनी तसे विचारले नव्हते, आणि आता तुमचे वाचल्यावर जाणवते की नावे दिली गेली त्यामागे तेही एक कारण असावे.

वाचनमग्न

मानसशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने थोडी भर घालते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या आत्मविश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः करून पाहिलेले, दुसऱ्याला करताना पाहिलेले, कोणी पटवून दिलेले, आणि आपल्या शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था. दुसऱ्याला पाहून मिळणाऱ्या विश्वासाबाबत त्यांचे म्हणणे असे की पाहणाऱ्याला तो दुसरा माणूस आपल्यासारखा वाटला पाहिजे. विक्रमी धावपटू पाहून कौतुक वाटते. आपल्याच टीममधली, आपल्याइतकीच दमलेली व्यक्ती पाहून 'मग मीही करून बघेन' असे वाटते. पायवाट यांच्या अनुभवात नेमके हेच घडलेले आहे.

आणखी एक संशोधन इथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयविकार अभ्यासातील १९७१ ते २००३ या काळातील माहितीवरून क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवले की छोट्या संस्थेत एका सहकाऱ्याने धूम्रपान सोडले तर दुसऱ्याच्या धूम्रपान करण्याच्या शक्यतेत ३४ टक्क्यांनी घट दिसते.

मात्र सगळेच जाहीर करणे हिताचे असते असे नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांनी आपला संकल्प इतरांना कळू दिला आणि ज्यांच्या संकल्पाची दखल घेतली गेली, त्यांनी त्या दिशेने प्रत्यक्ष प्रयत्न कमी केले असे आढळले. त्यामुळे कार्यक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात लोकांकडून जाहीर संकल्प वदवून घेण्याची जी पद्धत आहे ती मला शंकास्पद वाटते. आधी काही घडू द्यावे आणि मग विचारावे.

गणितप्रेमी

वाचनमग्न, चांगली भर. त्या २००८ च्या अभ्यासावर एक आक्षेपही घेतला गेला आहे, तो नोंदवतो. समान स्वभावाची माणसे मुळातच एकमेकांजवळ येतात, त्यामुळे दोघांनी एकाच सुमारास सिगारेट सोडली तर त्यात प्रभाव किती आणि साम्य किती हे वेगळे काढणे अवघड असते. तरीही आपल्यासारखाच माणूस जवळ असण्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

तिसरी पाळी

मी कारखान्यात काम करतो आणि हा सगळा धागा वाचताना एक गोष्ट खटकली, ती मोकळेपणाने सांगतो. न्यूजलेटर, इंट्रानेट, बैठक हे सर्व टेबलावर बसणाऱ्यांचे मार्ग आहेत. आमच्यापैकी अनेकांना कंपनीचा ईमेलसुद्धा नसतो. स्टेप चॅलेंजमध्ये ज्यांना दिवसा अर्धा तास चालता येते त्यांचे आकडे फलकावर येतात. आणि दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्याचे, ज्याला घड्याळ किंवा फोन जवळ ठेवायला मनाई आहे, त्याचे आकडे येत नाहीत. मग यशोगाथाही एकाच प्रकारच्या माणसांच्या होतात.

आमच्याकडे एकदा वेगळे घडले. रात्रपाळी करणाऱ्या एका ऑपरेटरला दिवसा झोप लागत नसे. झोपेविषयीच्या सत्रात ऐकलेले त्याने स्वतःच्या घराला बेतेल असे बदलून घेतले. पाळी संपवून घरी जाताना तो डोळ्यांवर काळा चष्मा लावू लागला, खिडकीला आतून जाड चादर बांधली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, आणि दारावर 'दोन वाजेपर्यंत उठवू नये' अशी चिठ्ठी लावली. सुपरवायझरने त्याला सांगितले की हे चार ओळींत लिहून दे. त्याने पाळीच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहिले आणि तो कागद लॉकरच्या खोलीत टाचला. नाव लिहिले नव्हते, फोटो नव्हता. पण अक्षर सगळ्यांच्या ओळखीचे होते, आणि लोक त्याच्याकडे जाऊन विचारू लागले की चादर कशी बांधलीस, मुले ऐकतात का, सुट्टीच्या दिवशी काय करतोस. दुसऱ्या कोणीतरी त्याच कागदावर खाली स्वतःची युक्ती लिहिली. कागद भरला.

त्याचे खरे म्हणणे पाचव्या ओळीत होते, ते असे: पाळी दर आठवड्याला बदलू नका, निदान काही आठवडे एकच ठेवा. त्यावर कोणी काही केले नाही. माणसाने स्वतःला बदलल्याची गोष्ट छापायची आणि कंपनीने काय बदलायला हवे हे सांगणारी ओळ गाळायची, असे होणार असेल तर लोक पुढच्या वेळी लिहिणार नाहीत.

पायवाट

या प्रतिसादाला मनापासून दाद. पाचवी ओळ गाळू नये, हे धागाकर्तीने व्यवस्थापनाला जसेच्या तसे सांगावे असे मला वाटते.

हिशेबनीस

बक्षिसाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. अनुभव लिहिणाऱ्याला एखादे भेटकार्ड किंवा अर्ध्या दिवसाची रजा दिली तर काय हरकत आहे? लिहायला वेळ लागतो, आणि वेळेचा मोबदला देणे योग्यच आहे.

काजवा

माझे मत विरुद्ध आहे. बक्षीस लागले की लोक बक्षिसाला शोभेल असे लिहितात. साधी, अर्धवट राहिलेली, अजून चालू असलेली गोष्ट मग कोणी पाठवत नाही.

तिसरी पाळी

दोघांच्या मधला मार्ग सुचवतो. बक्षीस नको, पण लिहिण्यासाठी किंवा बोलण्यासाठी लागणारा वेळ कामाच्या वेळेतच द्यावा. ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याच्याजवळ बसून त्याच्या शब्दांत उतरवून घेणारे कोणी असावे, आणि छापण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवावे.

हिशेबनीस

हे पटले. भेटकार्डाचा आग्रह मी सोडतो.

निशिगंध

धागाकर्तीसाठी संमतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण एचआरमध्ये हाच भाग सर्वांत घाईने उरकला जातो. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात ठेवतो, आणि संमती जितक्या सहजपणे देता येते तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे असे सांगतो. मालक आणि कर्मचारी यांच्या नात्यात बरोबरी नसल्यामुळे कर्मचाऱ्याची संमती खरोखर मोकळेपणाने दिलेली आहे का, हा प्रश्नही त्या कायद्याच्या चौकटीत नेहमी विचारला जातो. आपला देश कोणताही असो, हा कस चांगला आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की संमतीपत्रावर एकच सही पुरेशी नाही. नाव द्यायचे की नाही, फोटो द्यायचा की नाही, फक्त टीममध्ये वाचायचे की सगळ्या कंपनीत, कंपनीबाहेर जाहिरातीसाठी वापरायचे का, हे प्रत्येक स्वतंत्रपणे विचारावे. आणि काही महिन्यांनी मजकूर आपोआप काढला जाईल अशी मुदत आधीच लिहावी. रानवारा यांच्या सहकाऱ्याला 'काढा' असे म्हणावे लागले नसते, जर काढण्याची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली असती.

रानवारा

हो, एवढी एक गोष्ट पुरेशी झाली असती. त्याला कोणाकडे जावे लागले नसते.

अक्षरवेल

सर्वांचे मनापासून आभार. इतके काही हाती लागेल असे वाटले नव्हते. मी प्रत्येक प्रतिसाद कागदावर उतरवून घेतला आणि त्यावरून व्यवस्थापनाशी बोलले. काय ठरले ते सांगते.

'यशोगाथा' हे सदर बाजूला ठेवले आहे. त्याऐवजी 'मी काय करून पाहिले' असे छोटे सदर राहील आणि त्यात तीनच प्रश्न असतील: काय करून पाहिले, कुठे अडले, आणि कामाच्या जागी काय बदलले असते तर सोपे गेले असते. तिसऱ्या प्रश्नावर बरीच खळखळ झाली. मी तिसरी पाळी यांच्या कागदाची हकीकत सांगितली, आणि अखेर असे ठरले की या उत्तरांना त्या त्या विभागाने पुढच्या अंकात उत्तर द्यायचे, भले ते 'सध्या शक्य नाही, कारण अमुक' असे असले तरी. वजनाचे आकडे, तपासणीचे आकडे आणि आधी-नंतरचे फोटो घेणार नाही. समुपदेशन विषयातून पूर्णपणे वगळले आहे; त्याची माहिती फक्त समुपदेशकाचा संपर्क आणि गोपनीयतेचे नियम एवढीच छापली जाईल. निनावी लिहिण्याची सोय आहे, मजकूर तीन महिन्यांनी काढला जाईल, आणि कारखान्यातील लॉकरच्या खोल्यांत कोरे कागद व पेन टांगले जातील. गणितप्रेमी यांच्या सांगण्याप्रमाणे कार्यक्रमाच्या अहवालात या अनुभवांची गणना होणार नाही, हेही लेखी घेतले आहे.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. विनंती कोणी करायची? मी केली तर ती एचआरची विनंती होते, मॅनेजरने केली तर निशिगंध म्हणतात तसे दडपण येते.

पायवाट

ज्यांनी स्वतः एकदा लिहिले आहे त्यांनीच पुढच्याला विचारावे, आणि तेही फक्त ओळखीच्या माणसाला. कोणी नाही म्हटले तर ते नाव तुमच्यापर्यंत येऊच नये. किती जणांना विचारले आणि किती जणांनी नकार दिला याची नोंद कोणीही ठेवू नये.

तिसरी पाळी

अनुमोदन. आणि पहिला कागद कोरा टांगू नका. त्यावर कोणीतरी आधीच एक ओळ लिहिलेली असू द्या, शक्यतो न जमलेल्या गोष्टीची.

अक्षरवेल

दोन्ही सूचना घेते. पहिली ओळ माझीच असेल: व्यायामाच्या वर्गाला मी दोनदा नाव घातले आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या बैठकांमुळे जाऊ शकले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की साडेपाचनंतर बैठका ठेवू नयेत. त्यावर आमचा विभाग काय उत्तर देतो ते पुढच्या अंकात छापून आले की इथे कळवते.